मान डोलावणारं विमान

मला एका जागी बसवत नाही. जेवतानासुद्धा मी दोनदा उठते, मीठ आणायला किंवा उगाच. आई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी आहे. नवरा म्हणतो, घरातल्या सगळ्या यंत्रांना बंद करायचं बटण आहे, फक्त हिलाच नाही. आणि अशी मी पोटासाठी काय करते, तर विमानाला स्थिर ठेवणारी यंत्रं दुरुस्त करते.

बंगळूरला बारा वर्षं मोठ्या विमानांवर काम केलं आणि आईचे गुडघे गेल्यावर सोलापूरला परत आले. इथे कुणाला माझं काम सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "सोलापुरात विमान कुटं हाय?" आहे. टॉवेलच्या कारखान्याचे एक मालक आहेत, त्यांचं स्वतःचं आहे. चार माणसांचं, एका इंजिनाचं, वयाने माझ्यापेक्षा थोडंच लहान. शेठनी पन्नाशीत उडवायला शिकून घेतलं. धावपट्टीच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमध्ये ते उभं असतं आणि त्याच्या देखभालीला आम्ही दोघं. सहीचा परवाना माझा. हात चाचांचे.

चाचा हैदराबादला एका हँगरमध्ये तीस वर्षं मेकॅनिक होते. निवृत्त होऊन गावी, वळसंगला आले आणि शेठनी विमान घेतल्याचं कळल्यावर आपणहून शेडच्या दारात येऊन उभे राहिले. पगाराचं विचारलं नाही, "बगू द्या की जरा," एवढंच म्हणाले. त्यांचा डावा हात थरथरतो. चहाचा ग्लास उचलताना बशीभर सांडतात. पण हातात पक्कड आली की तोच हात गप्प होतो. हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. शेठनी मात्र चहाच पाहिला होता.

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आधी विमानाची वार्षिक तपासणी केली. त्यात ऑटोपायलटचा सर्व्हो उघडला. सर्व्हो म्हणजे ऑटोपायलटचा हात म्हणा ना. एक छोटी मोटर, तिच्या चाकावर गुंडाळलेली बारीक तार, आणि ती तार शेपटीकडे जाणाऱ्या मोठ्या तारेला बांधलेली. बारीक तार ढिली असली की मोटरचा हुकूम शेपटीपर्यंत उशिरा पोचतो, फार ताठ असली की पायलटच्या हातातली दांडी जड होते. तिचा ताण मोजायला छोटं मीटर असतं. ती तार चाचांनी बांधली. विमानाच्या पोटात, उताणं पडून, छातीवर बॅटरी ठेवून. मला म्हणाले, "पंदरा." मी वहीत पंधरा लिहिलं. पुस्तकात तेरा ते सतरा दिलं होतं.

दोन दिवसांनी खंडेनवमी. कारखान्यातल्या मागांची पूजा झाली की विमानाची पूजा, असा शेठच्या घरचा रिवाज. शेठच्या आई, त्यांना सगळे अव्वा म्हणतात, काठापदराचं नेसून गाडीतून उतरल्या. पंख्याला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. मी घाईत होते. मला घरी जाऊन आईला दवाखान्यात न्यायचं होतं आणि अव्वांचं काही आवरत नव्हतं. त्यातच त्यांनी हळदीकुंकवाचं तबक माझ्या हातात दिलं. "तूच लाव ग, सवाष्ण हाईस."

विमानाच्या डाव्या अंगाला रुपयाएवढी एक चकती असते आणि तिच्या मधोमध टाचणी जाईल एवढं भोक. बाहेरच्या हवेचा दाब त्यातून आत जातो. आपण किती उंचीवर आहोत ते विमानाला त्या दाबावरून कळतं. विमान धुताना त्याच्यावर टेप लावतात आणि मग आठवणीने काढतात. मी तबक घेऊन पुढे झाले तेव्हा चाचा मागून हळूच म्हणाले, "ताई, भोकाला टेप लावू का? हळद वली असती."

"चाचा, पूजेला कसली टेप? फोटोत दिसेल," मी म्हणाले.

मी भोकापासून चांगली वीतभर वर पाच बोटं ओढली. अव्वांनी त्यावर पाणी शिंपडलं. जरा जास्तच शिंपडलं. हळदीकुंकवाचा ओघळ खाली आला, तो मी ओढणीने पुसून काढला. चकती लख्ख केली. फोटो निघाले, नारळ फुटला, आणि मी स्कूटरला किक मारली.

त्यानंतरच्या पहिल्याच उड्डाणाहून शेठ परतले ते चिडूनच. माळशिरसच्या बाजूला चक्कर मारून आले होते. "मॅडम, हे काय करून ठेवलंय? उंचीचं बटण दाबलं की मान हलवतंय नंदीबैलासारखं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून वर गेले. खरं होतं. हाताने उडवलं तर विमान शहाण्यासारखं सरळ. उंची धरून ठेवायचं बटण दाबलं की दहा-बारा सेकंदांत नाक हळूच वर, मग खाली, मग पुन्हा वर. शंभर फूट चढायचं, शंभर उतरायचं. खाली उतरलो तेव्हा चाचा शेडच्या दारात उभे होते. शेठ त्यांच्याकडे न बघताच मला म्हणाले, "ती तार यांनीच बांधली होती ना?"

"हो," मी म्हणाले. ते खरंच होतं.

"त्यांचा हात बघितलाय का तुम्ही? चहा धरता येत नाही. मॅडम, मी या विमानात अव्वाला बसवणार आहे."

चाचांनी ते ऐकलं. डावा हात खिशात घातला.

त्या दुपारी मी एकटीच विमानाच्या पोटात शिरले. पत्रा इतका तापला होता की कोपर टेकवत नव्हतं. मीटर लावलं. काटा पंधरावर. विश्वास बसेना म्हणून काढून परत लावलं. पंधरा. तिसऱ्यांदाही पंधरा. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

आता मी जे केलं ते लिहिताना मला खुर्चीतून उठून दोन फेऱ्या माराव्या लागल्या. मी बाहेर आले आणि ते कुणाला सांगितलं नाही. शेठना नाही, चाचांनाही नाही. तार बरोबर आहे म्हटलं असतं तर शेठनी लगेच विचारलं असतं, मग बिघाड कुठे आहे? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बारा वर्षं बंगळूरला घालवलेली बाई, मला माहीत नाही असं म्हणायची माझी तयारी नव्हती. तार दोषी राहिली तर मला विचार करायला चार दिवस मिळत होते. मी म्हणाले, "मी पुन्हा बांधून बघते."

आणि चांगली बांधलेली तार सोडून मी पुन्हा बांधली. सोळावर ठेवली. काहीतरी वेगळं केल्यासारखं वाटावं म्हणून, दुसरं कारण नाही.

शेठनी चाचांना सांगितलं की आता थोडे दिवस आराम करा. बोलणं गोड होतं. चाचा आपली पक्कड, आपला चष्मा आणि डबा एका पिशवीत भरून निघाले. मला म्हणाले, "ताई, मला तर हाताला बराबर लागली हुती. पर आता काय सांगावं." मी मान खाली घालून वायर सोलत होते. त्या वायरीला सोलायची काही गरज नव्हती.

तार बांधूनही विमान मान डोलवतच राहिलं. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. त्याऐवजी मी शेठना म्हणाले की चुकीच्या ताणामुळे सर्व्होला आधीच इजा झाली असेल. "असेल" हा शब्द फार सोयीचा आहे. शेठनी तो ऐकलाच नाही, फक्त "इजा" ऐकलं. सर्व्हो काढून तपासायला पाठवला. ऑटोपायलटचं डोकं, म्हणजे त्याची पेटी, ती बदलून पाहिली. त्याची संवेदनशीलता कमी केली, वाढवली, पुन्हा कमी केली. कमी केली की विमान सावकाश डोलायचं, वाढवली की भराभर. एवढाच काय तो फरक.

त्या तीन आठवड्यांत मी घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नाही. भाकरी थापता थापता मधेच सोडून वायरींचा नकाशा बघायला जायची. तवा धुरायचा. आई म्हणायची, "अगं, बस की घटकाभर." बसले की चाचांची पिशवी दिसायची. वळसंग काही लांब नाही. दोनदा स्कूटर काढली आणि दोन्ही वेळा कुंभारीपासून परत फिरले. जाऊन सांगणार काय? तुमची तार बरोबर होती, पण मी ते दाबून ठेवलंय, हे?

त्या भोकाचा विचार मला सुचला नाही असं नाही. सुचला होता. पण त्या भोकामागची हवेची नळी दोन महिन्यांपूर्वी मीच तपासली होती, माझी सही होती खाली. आणि प्रत्येक उड्डाणाआधी चकती मी डोळ्यांनी बघत होते. लख्ख होती. माझ्याच ओढणीने लख्ख झालेली.

सर्व्हो परत आला. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, दोष आढळला नाही. तो बसवून आम्ही पुन्हा वर गेलो. सकाळची वेळ, हवा लोण्यासारखी. शेठ हाताने चढवत होते. साडेपाच हजार फुटांवर त्यांनी नाक खाली घेऊन विमान सरळ केलं. मी सवयीप्रमाणे काट्यांवर नजर फिरवली आणि एका काट्यावर थांबले. विमान किती वेगाने चढतंय किंवा उतरतंय ते दाखवणारा काटा, तोही त्याच भोकातल्या हवेवर चालतो. आम्ही सरळ झालो होतो. काटा अजून चढत होता. एक, दोन, तीन, चार, पाच, मनात मोजत राहिले. आठाच्या पुढे गेल्यावर तो रेंगाळत शून्यावर आला.

"शेठ, पुन्हा करा."

"काय?"

"चढा आणि सरळ करा."

त्यांनी केलं. काटा पुन्हा मागे राहिला. बाहेरची हवा आत उशिरा पोचत होती. ऑटोपायलटला उंची कळत होती ती काही सेकंदांपूर्वीची. तो बिचारा जुन्या बातमीवर नाक दाबत होता, आणि ती चूक कळेपर्यंत पुन्हा उशीर.

समोरच्या फळीखाली एक खुंटी असते. बाहेरचं भोक बुजलं तर ती ओढायची, म्हणजे विमानाच्या आतल्या हवेवर काम चालतं. मी वाकून ती ओढली. शेठना उंचीचं बटण दाबायला सांगितलं. नाक एकदा वर गेलं, एकदा खाली आलं. मग थांबलं. काटे जागच्या जागी. शेठनी दोन्ही हात वर करून दाखवले आणि हसायला लागले. खाली अक्कलकोटचा रस्ता होता आणि रस्त्याला लागून वळसंगची घरं. मला हसू आलं नाही.

खाली आल्यावर आतून नळी सोडवली, भोकासमोर पांढरा कागद धरला आणि आतून हवा फुंकली. कागदावर बाजरीच्या दाण्याएवढा पिवळा खडा पडला, त्याच्या कडेला थोडं लाल. मी नाकाशी नेला. हळद. त्या क्षणी ओघळ आठवला, ओढणी आठवली, आणि टेपही आठवली. मी ओघळ पुसला नव्हता, तो अंगठ्याने भोकात भरला होता. नशीब की पूर्ण बुजलं नाही. ढगात पूर्ण बुजलं असतं आणि शेठच्या शेजारी अव्वा असत्या, या विचाराने मी तिथेच चाकाला टेकून खाली बसले. त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी एका जागी बसले असेन.

शेठनी कागद पाहिला. समजूतदार माणूस आहे तसा. म्हणाले, "अव्वाला कळलं तर ती अन्न सोडील, मॅडम. नोंदवहीत धूळ लिहा. धूळच आहे शेवटी." मी पेन उघडलं. धूळ लिहिणं किती सोपं होतं. धूळ कुणाचीच नसते. पण एकदा सोयीचं बोलून काय झालं ते समोर होतं. मी लिहिलं की पूजेच्या वेळी भोक झाकलं नाही, हळदीकुंकू पुसताना माझ्या हातून आत गेलं. अव्वांचं नाव घातलं नाही, पाणी कुणी शिंपडलं ते महत्त्वाचं नव्हतंच. शेठनी वाचलं आणि वही मिटून ठेवली.

मग स्कूटर काढली. या वेळी कुंभारीला थांबले नाही.

चाचा ओट्यावर बसले होते. सुनेने चहा आणून दिला. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. असं ते पूर्वी करत नव्हते. सांडलं तर सांडू द्यायचे.

"सापडलं, चाचा," मी म्हणाले. "भोकात हळद होती. तुम्ही टेप लावू का म्हणाला होता."

"व्हय?" त्यांचा चेहरा उजळला. टेपचं त्यांच्या लक्षातही नसावं. पुढे सरकून त्यांनी विचारलं, "मग तार बराबर हुती?"

"बरोबर होती."

"तुमी मोजली?"

इथे हो म्हणून गप्प बसता आलं असतं. आज मोजली असं त्यांनी समजून घेतलं असतं. मी म्हणाले, "मोजली. पंधरा होती. तीनदा मोजली."

"कवा?"

"शेठ तुम्हाला बोलले त्याच दिवशी दुपारी."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली गेली, ती पार लांब जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. मला उठून फिरावंसं वाटत होतं, अंगणात, रस्त्यावर, कुठेही. उठले नाही.

"तीन हप्ते झाले," चाचा म्हणाले, "मी हिथं बसून हे हात बगतोय. सूनबाईला म्हटलं, माजे हात गेले. पक्कड देऊन टाकणार हुतो कुणाला तरी. तुमाला म्हाईत हुतं."

"माहीत होतं. माझं चुकलं, चाचा."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. चिडलेही नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. हाताच्या तळव्याकडे बघून म्हणाले, "आणि ती तार तुमी सोडून परत बांदली?"

"हो. सोळावर."

"सोळा कशाला?"

मी खाली बघून चपलेचा पट्टा उगाच ओढत राहिले.

"उद्या येतो," ते म्हणाले.

सकाळी ते माझ्या आधी शेडवर हजर होते. शेठही आले होते, कोपऱ्यात खुर्ची टाकून फोनवर बोलत होते. चाचांनी त्यांना सलाम केला आणि ते विमानाच्या पोटात शिरले. मी मागून बॅटरी धरून. ते उताणे पडले, माझी तार सोडली आणि बांधायला घेतली. मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. हलला नाही. मीटर लावलं, काढलं, पाव आटा फिरवला, परत लावलं. मग तोंड माझ्याकडे वळवलं.

"वाचा, ताई."

मी वाकले. काटा जिथे असायला हवा तिथेच होता.

"पंधरा," मी म्हणाले.

"ऐकू आलं न्हाय."

"पंधरा, चाचा."

"मोठ्यानं," ते म्हणाले. "तिकडं शेठ बसल्यात."

मी पत्र्याच्या त्या पोटातून डोकं बाहेर काढलं. शेठचा फोन कानालाच होता.

"पंधरा," मी ओरडून सांगितलं. "शेठ, चाचांची तार पंधरा आहे. पहिल्या दिवसापासून पंधरा होती, आणि ते मला माहीत होतं."

शेठनी फोन खाली घेतला. आत चाचा तारेला पिन घालत होते. मी वही उघडली आणि पंधरा लिहिलं.